प्रश्न नक्की कुणाचा?

फोनवर लोक साधारण चार गोष्टी विचारतात. फी किती, गोळ्या देता का, किती दिवसांत बरं वाटेल, आणि शेवटी आवाज खाली आणून, 'कुणाला कळणार नाही ना?' पहिल्या तिन्हींची उत्तरं मी लगेच देते. फी सांगते. गोळ्या मी देत नाही, तो अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. दिवसांचा अंदाज भेटल्याशिवाय सांगता येत नाही. चौथ्या प्रश्नाला 'नाही कळणार' एवढं म्हणून भागत नाही. त्याचं उत्तर समोर बसून, नीट फोड करून द्यावं लागतं. पहिल्या भेटीतला बराच वेळ त्यात जातो आणि तो जायलाच हवा.

पालघर आणि बोईसर या दोन ठिकाणी मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. मधे उमरोळी हे एकच स्टेशन, पण दोन्हीकडे येणारी माणसं वेगळी. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला आणि पालघरला सरकारी नोकरदार, वकील, कोर्टकचेरीच्या कामाला आलेली माणसं वाढली. बोईसरला तारापूर एमआयडीसीतले कामगार, अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतली कुटुंबं, नोकरीसाठी खानदेश-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येऊन चाळीत राहिलेली जोडपी. शिवाय किनाऱ्यावरची सातपाटी, मुरबे, चिंचणीची माणसं आणि पूर्वेकडची मनोर, विक्रमगडची. एका दिवसात वाडवळी, मांगेली, वारली, गुजराती, हिंदी, भोजपुरी असं सगळं कानावर पडतं. मला सगळं बोलता येत नाही. समजून मात्र घ्यावं लागतं, आणि नाही समजलं तर 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज बाळगून चालत नाही.

बोईसरची माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना. त्यामुळं माझ्याकडे येणारे बरेच जण घरी 'दाताला चाललोय' असं सांगून निघतात. एका गृहस्थांनी तर बायकोला संशय नको म्हणून खाली खरोखरच दात साफ करून घेतले आणि मग वर आले. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. गाव छोटं आहे, जिन्यात कोण भेटेल याचा नेम नसतो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. पहिल्या भेटीत प्रश्न सुटत नाही. तो नक्की कुणाचा आहे, एवढं ठरलं तरी ती भेट सार्थकी लागली. कारण माझ्याकडे स्वतःहून येणारे थोडे आणि आणलेले, पाठवलेले, समजूत काढून बसवलेले जास्त. आणणाऱ्याचा प्रश्न एक असतो, आलेल्याचा दुसराच.

आधी खोलीबद्दल सांगते, कारण सिनेमात पाहिलेली खोली डोक्यात घेऊन लोक येतात. झोपायला कोच नाही, अंधूक दिवा नाही. दोन खुर्च्या, टेबल, पंखा, पाण्याचा जग आणि दोघांनाही दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ तसं लावायला इथल्या गाड्यांनी शिकवलं. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत यायला लागली हे खरं, पण विरारच्या पुढं दोन गाड्यांमधलं अंतर मोठं. एक चुकली तर पुढचा हिशेब सगळाच चुकतो. ज्याचं लक्ष गाडीकडे असतं तो मनातलं काढत नाही. म्हणून आलेल्या माणसाला बसवल्यावर माझा पहिला प्रश्न 'काय त्रास आहे?' हा नसतो. 'कुठून आलात आणि परत कशानं जाणार?' हा असतो. ते ठरलं की माणूस पाठ टेकून बसतो.

मग एका पानाचा अर्ज. नाव, वय, काम, आधीचे आजार, चालू औषधं. त्यात एक रकाना आहे: कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन करू नये. सगळ्यात काळजीपूर्वक भरला जातो तो हाच रकाना. घरात एकच मोबाईल असलेली बाई तिथं लिहिते, 'संध्याकाळी सहानंतर नको.' नाईट करणारा लिहितो, 'दुपारी झोपलेलो असतो.' अर्ज भरता न येणाऱ्यांना मी वाचून दाखवते. सही किंवा अंगठा कशासाठी घेते तेही सांगते.

त्यानंतर गुप्ततेचं. इथं जे बोलाल ते इथंच राहतं. नवरा, आई, मुलगा, कंपनीतले साहेब, कुणीही विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय मी सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही रुग्णाला हा हक्क दिलेला आहे. पण याला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगायचे असतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणं ते पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. न्यायालयानं आदेश दिला तर तो पाळावा लागेल. हे ऐकून कुणी उठून जाईल अशी भीती नव्यानं काम करणाऱ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. काय सांगावं लागेल हे ज्यानं आधी सांगितलं, त्याच्यावर विश्वास बसतो.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते. उद्या आपण स्टेशनच्या पुलावर किंवा बाजारात समोरासमोर आलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर हसेन, बोललात तर बोलेन. मोठ्या शहरात या वाक्याची गरज कदाचित पडत नसेल. इथं ते ऐकल्यावर अनेकांचे खांदे खाली येतात.

आता आणलेल्या माणसांबद्दल. बारावी सायन्सची एक मुलगी आईवडिलांबरोबर आली होती. आईनं बसता बसता सुरुवात केली. नीटचा क्लास लावला, एवढी फी भरली, पुस्तक उघडत नाही, सारखी लोळत असते, काही विचारलं की अंगावर येते. मुलगी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. मी म्हटलं, आता थोडा वेळ मी तिच्याशी एकटीशी बोलते. आई म्हणाली, 'आमच्यासमोर बोलू दे ना. आमच्यापासून काय लपवायचंय?' वडील काही न बोलता उठले, म्हणून आईही उठली.

दार लागल्यावर मुलीनं विचारलं, 'तुम्ही त्यांना काय सांगणार?' मी मघाचंच पुन्हा सांगितलं: तुला विचारल्याशिवाय काही नाही, जिवाला धोका वाटला तर सांगेन, पण तेही आधी तुला सांगून. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मला झोप येते. दिवसभर झोप येते. बाकी काही नाही.' मग तिच्या दिवसाचा हिशेब मांडला. पहाटे उठून आवरायचं, बोईसरला कॉलेज, तिथून गाडीनं वसईला क्लास, रात्री घरी, मग होमवर्क. जेवण बहुतेक गाडीत, उभ्यानं. पाळी आली की दोन दिवस डोळ्यांसमोर अंधारी. मी आधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं.

त्या दिवशी निघताना वडील मागं रेंगाळले. दारातच म्हणाले, 'मॅडम, फीसाठी कर्ज काढलंय. पोरीला माहीत नाही. सांगू नका.' म्हणजे खोलीत माणसं तिघं, फाइल एक आणि प्रश्न तीन. आईचा अभ्यासाचा, मुलीचा झोपेचा, वडिलांचा हप्त्यांचा. पुढच्या भेटींत आम्ही हे तीन प्रश्न वेगवेगळे केले, तेव्हा कुठं घरातला आवाज उतरला. मुलगी 'आळशी' आहे की 'डिप्रेशनमध्ये' आहे, या वादात आणखी एक वर्ष सहज गेलं असतं.

पालकांना माझं सांगणं असतं की मुलाला फसवून आणू नका. 'मावशीकडे जाऊ' किंवा 'करिअर गाईडन्सला जाऊ' म्हणून आणलेलं मूल खुर्चीत बसताक्षणी ओळखतं. मग पहिला तास तुमच्यावरचा राग माझ्यावर काढण्यात जातो. अठरा वर्षांखाली तुमची संमती लागते, पण मुलाला काय चाललंय ते माहीत असणं तेवढंच लागतं.

पाठवलेल्या माणसांची गोष्ट आणखी वेगळी. एका कामगाराला त्याच्या कंपनीनं पाठवलं होतं. तारापूरच्या पट्ट्यात रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे सगळ्या प्रकारचे कारखाने आहेत आणि आगी-स्फोट इथं नवे नाहीत. रात्री काचा हादरल्या की गच्चीवर जाऊन धूर कुठल्या बाजूला आहे ते पाहायची बोईसरकरांना सवय आहे. याच्या शेजारच्या प्लॉटवर स्फोट झाला तेव्हा हा नाईटला होता. अंगावर ओरखडाही नाही. पण त्यानंतर रिअ‍ॅक्टरजवळ उभं राहिलं की हात गार पडायचे, आणि दोनदा तो शिफ्ट अर्धी टाकून गेटबाहेर आला होता.

माझ्यासमोर तो खुर्चीच्या कडेवर बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन. म्हणाला, 'मॅडम, साहेबांना काय लिहून देणार ते आधी सांगा. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. डोक्याचा प्रॉब्लेम लिहिलात तर उद्या गेटपास बंद.' मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर एकच ओळ लिहिली: सदर व्यक्ती या तारखेला भेटीसाठी आली होती. तारीख, सही, शिक्का. कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली, घडी घालून खिशात ठेवला. मग हेल्मेट खाली जमिनीवर ठेवलं आणि बोलायला लागला.

कंपनीचा प्रश्न होता, हा कामाला उभा राहील का. त्याचा प्रश्न होता, मी इथं मेलो तर गावी घराचं काय. हे दोन प्रश्न एका पत्रात बसत नाहीत. मी त्याला सांगितलं की एवढं पाहिल्यावर भीती वाटणं हे वेडाचं लक्षण नव्हे. पहिले काही आठवडे झोप उडणं, आवाजाला दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं बहुतेकांना होतं आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी तसंच राहिलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं. तो काही वेळा आला. शेवटी सुपरवायझरशी स्वतःच बोलून पॅकिंगला बदली करून घेतली. कारखान्यातली सुरक्षा ही मात्र माझ्या खोलीत सुटणारी गोष्ट नाही. ती ज्यांनी पाहायची त्यांनीच पाहायला हवी. कामगाराला 'मन खंबीर कर' असं सांगून तिचं ओझं त्याच्यावर टाकायला मी तयार नसते.

पहिल्या भेटीत मी शरीराबद्दल इतकं विचारते की काही जण वैतागतात. झोप किती, कधी, भूक कशी, वजन उतरलं का, थायरॉइड तपासला का, साखर आहे का, दारू-तंबाखू किती, चहा किती. यामागं कारण आहे. थायरॉइडची गडबड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता या सगळ्यांत माणूस उदास, चिडचिडा, थकलेला दिसू शकतो. आणि आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाईट अशी शिफ्ट फिरणाऱ्याला 'झोप लागत नाही' हा मनाचा आजार आहे की वेळापत्रकाचा, हे न विचारता कसं कळणार? इथले लोक त्रास सांगतात तोही शरीरातूनच. छातीत धडधडतं, डोक्यावर दगड ठेवल्यासारखं वाटतं, हातापायाला मुंग्या येतात. बरेच जण ईसीजी, सोनोग्राफी, एमआरआय करून, सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर येतात. ती फाइल मी पूर्ण पाहते. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्रास खोटा, असं त्यांना आधीच कुणीतरी ऐकवलेलं असतं. निदान माझ्याकडे तरी ते पुन्हा ऐकायला लागू नये.

फाइलवरून पालघरचे एक निवृत्त गृहस्थ आठवतात. पुण्याच्या मुलीनं त्यांची वेळ घेतली होती. बाबा बोलत नाहीत, जेवत नाहीत, आई जाऊन आठ महिने झाले, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. ते आले तेव्हा हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यातून त्यांनी विजेचं बिल काढलं, मग गॅसचं पुस्तक, मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सगळं पत्नीच्या नावावर. नाव बदलायला कोणते कागद लागतात, मृत्यूचा दाखला किती प्रतींत द्यावा, वारसांची ना-हरकत लागते का, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते मलाच विचारत होते, 'बदलून घेऊ का?' मी उत्तर दिलं नाही, घाईही केली नाही. घड्याळात चाळीस मिनिटं झाली. मग बिलावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, 'हे बदललं की घरात तिच्या नावाचं काहीच येणार नाही.'

मी म्हटलं, 'महावितरणला काही घाई नाही. बिल भरलं जातंय ना, मग झालं.'

त्या दिवशी एवढंच झालं. मुलीला वाटत होतं, वडिलांना डिप्रेशन आहे का हा प्रश्न आहे. वडिलांचा प्रश्न एका नावाचा होता. ते पुढं येत राहिले. बिलाचं काय केलं ते मी विचारलं नाही. पहिल्या भेटीत माणूस भलत्याच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटलं तर त्याला थांबवू नये, हे मी अशा माणसांकडून शिकले. तुम्हीही काळजी करू नका. 'मुद्द्याचं' काय आणि 'फालतू' काय हे ठरवून यायची गरज नाही. घडलेल्या क्रमानं सांगता आलं नाही तरी चालतं. रडू आलं तरी चालतं, नाही आलं तरी चालतं.

कधी कधी प्रश्न ज्याचा असतो तो आलेलाच नसतो. जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्याला लागतात, आणि मग दारूच्या तक्रारी घेऊन बायका येतात. अशीच एक सातपाटीकडची. मासळी नव्हती म्हणून वेळ होता, नाहीतर तिला दुपारची फुरसत कुठली? बसल्या बसल्या म्हणाली, 'बाय, त्याची दारू सोडव.' मी म्हटलं, जो इथं बसलेला नाही त्याच्यावर माझी काही मात्रा चालत नाही. ती म्हणाली, 'मग मी कशाला आले?'

याहून चांगला प्रश्न पहिल्या भेटीत क्वचितच कुणी विचारतं. नवऱ्यासाठी काय करता येईल ते मी आधी सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात, त्यांना फी नसते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पण हे सगळं तो तयार झाला तर. मग तिला विचारलं, तुझी झोप कशी आहे? पैसे कुठं ठेवतेस? तो मारतो का? शेवटचा प्रश्न सरळ विचारावा लागतो, आडवळणानं विचारला की उत्तरही आडवळणाचंच येतं. ती म्हणाली, 'मारतो. पण प्यायल्यावरच.' मग १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, रात्री वेळ आली तर कोणाच्या घरी जायचं, मुलांना काय सांगायचं, असं सगळं बोललो. ती आली होती त्याच्यासाठी. तास तिच्यावर गेला. जाताना म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही पुडी द्याल, त्याच्या जेवणात टाकायला.

आणखी एक प्रश्न मी पहिल्या भेटीत जवळजवळ सगळ्यांना विचारते: 'जगू नये असं वाटतं का?' हो म्हणाले तर पुढचा: काही ठरवलं आहे का, कशानं, कधी? घरचे कोणी बसलेले असले तर दचकतात. असं विचारून भलतं मनात घालू नका, म्हणतात. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट पहिल्यांदा मोठ्यानं बोलता येते. उत्तर हो आलं की आमचा तास बदलतो. चिकूच्या वाडीवर फवारणीचं औषध कुठं ठेवलंय, ते आजच्या आज शेजाऱ्याकडे कोण नेऊन ठेवेल, रात्री सोबत कोण झोपेल, डॉक्टरकडे आजच कसं जायचं, हे ठरल्याशिवाय मी उठत नाही. आधी प्रयत्न केलेला असेल तर पोलिसांची भीती असते. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम सांगतं: अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. कायद्यातला एवढा भाग ऐकूनही काही आईबाप पहिल्यांदा मान वर करतात.

दुसरी भीती ठाण्याची. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. जुन्या ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकानं 'तुला ठाण्याला पाठवू' ही धमकी चेष्टेत तरी ऐकलेली असते. समुपदेशकाकडे गेलं की पुढचा मुक्काम ठाणे, असं अजूनही मानणारे आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना भरती तर सोडाच, गोळीचीही गरज लागत नाही. ज्यांना लागते त्यांना मी डॉक्टरांची चिठ्ठी देते, आणि गोळ्या चालू असताना बोलणंही चालू ठेवता येतं.

भगताकडे जाऊन आलात का, हेही मी विचारते, आवाजात कुत्सितपणा न आणता. पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेलं कुटुंब बहुधा आधी तिथं जाऊन आलेलं असतं. भगत त्यांच्या घरातला, ओळखीचा, त्यांच्या भाषेत बोलणारा. मी परकी. भगताशी माझं भांडण एकाच ठिकाणी असतं: चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील तर. तिथं मी मागं हटत नाही.

आणि काही प्रश्न येणाऱ्याचेही नसतात, आणणाऱ्याचेही नसतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले. लोक महिनोन्‌महिने रात्री घराबाहेर, तंबूत, ताडपत्रीखाली झोपले. त्या भागातल्या एका आजोबांना नातू घेऊन आला. धक्के कमी झाले तरी म्हातारा घरात झोपत नाही, पावसातही ओटीवर झोपतो, त्याची भीती काढा. मी आजोबांना विचारलं, घर कसं आहे? ते म्हणाले, एका भिंतीला चीर गेली आहे. बुजवली का? नाही, पैसे नाहीत. मी नातवाकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. ती चीर मनातली नव्हती. समुपदेशकानं अशा वेळी सरळ सांगावं की हा इलाज माझ्याकडे नाही, गवंड्याकडे आहे. ठेकेदारानं पगार थकवला, जमीन प्रकल्पात जाते आहे, नवरा घरात मारतो, ही दुःखं खरी आहेत. ती सोसायला आधार देता येतो. पण त्यांना आजाराचं नाव देऊन चिठ्ठी फाडणं हा अन्याय आहे.

तास संपत आला की मी जे ऐकलं ते दोन-तीन वाक्यांत परत सांगते आणि विचारते, बरोबर समजलं का? चुकलं असेल तर दुरुस्त करा. मग पुढं काय ते ठरवतो: किती दिवसांनी भेटायचं, साधारण किती वेळा, कधी थांबून आढावा घ्यायचा, आधी डॉक्टरांना दाखवायचं का, कुणाला सोबत आणायचं. एवढं स्पष्ट न होता तुम्ही बाहेर पडलात तर जिन्यातून परत येऊन विचारा, हक्कानं. त्या दिवशी हलकं वाटेलच असं नाही. काहींना डोकं जड होतं, काहींना उगाच सगळं बोललो असं वाटतं, काहींना नुसती झोप येते. एकदोन दिवस थांबा. शक्य असेल तर त्या दिवशी नाईट घेऊ नका.

कुठल्याही समुपदेशकाला फोन करतानाच पाच गोष्टी विचारून घ्या: शिक्षण काय, नोंदणी आहे का, फी किती आणि वेळ किती, माझ्या भाषेत बोलता येईल का, मी सांगितलेलं कुणाला सांगता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती दाखवायला सांगणं म्हणजे अपमान नव्हे. एका भेटीत बरं करून देतो म्हणणारा, पत्रिका मागणारा, काहीतरी विकणारा, आणि 'माझ्याकडे तुमच्या शेजारचे पण येतात' असं सांगणारा, या चौघांकडून लगेच उठा. जो शेजाऱ्यांचं तुम्हाला सांगतो तो तुमचंही सांगणार.

पैसे नसतील, गाडी नसेल, गावात तोंड दाखवायची हिंमत नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानसचा नंबर लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. तिथंही पहिलं बोलणं असंच अडखळत होईल, होऊ द्या. यायला कारण मोठं असावं लागत नाही. 'काय सांगायचं तेच कळत नाही' हे वाक्यसुद्धा पुरेसं आहे, तिथून सुरुवात करणं आमचं काम. आणि पहिल्या भेटीनंतर माझ्याकडे किंवा ज्याच्याकडे गेलात त्याच्याकडे परत जावंसं वाटलं नाही, तर संकोच न करता दुसरा समुपदेशक पाहा. पण एका भेटीवरून 'यात काही अर्थ नाही' असं ठरवून घरी बसू नका.